राजूरला लावलेली बाटली

पहिली थप्पड कानशिलावर बसली तेव्हा प्रेमला सिस्टरच्या हातात साखरपाण्याची सिरिंज होती. ती तिनं सोडली नाही.

"पोरगी मरून राह्यली अन् ही साखरपाणी पाजती!" रामकिसन ओरडला. "सलाईनची बाटली लाव. जल्दी."

त्याची दीड वर्षाची अंतरा जाफराबादकडच्या वस्तीवरून आत्ताच कुपोषित लेकरांच्या वॉर्डात आली होती. पाय सुजलेले, अंग गारठलेलं, धाप लागलेली. घरी महिनाभर त्या सुजेला बाळसं समजून रोज दृष्ट काढत होते. आता बोला! त्यात ताप नाही म्हणून बाप इतके दिवस निर्धास्त. असं लेकरू ताप न येताही गार पडून जातं, हे बावीस वर्षांत प्रेमलानं किती जणांना सांगितलं असेल, देव जाणे.

"दादा, हिचं काळीज लई नाजूक झालंय. बाटलीचं पाणी त्याला पेलायचं न्हाई. डॉक्टर पण फोनवर हेच बोलले," असं म्हणत तिनं पोरीला आईच्या उघड्या छातीशी ठेवलं, वर गोधडी घातली आणि नाकातल्या नळीतून साखरपाणी सोडायला घेतलं.

रामकिसननं सलाईनचा लोखंडी स्टँड उचलला. पहिला घाव खिडकीवर. काचा पोरीवर उडतील म्हणून प्रेमला तिच्यावर ओणवी झाली. दुसरा खांद्यावर, तिसरा पाठीत बसला. तोंड पलंगाच्या दांडीवर आपटून ओठ फाटला. तेवढ्यात वॉचमननं त्याला मागून धरलं.

"नका हो मारू तिला," पोरीची आई आकांक्षा रडत म्हणाली. "सकाळी राजूरच्या दवाखान्यात लावली ना तुम्ही एक बाटली. तिथला डॉक्टर नको म्हणत व्हता, तरी भांडून लावली. अर्ध्या तासात सगळी चढवली."

प्रेमलाचे हात थांबले. पोरगी अशी धापा का टाकत होती, ते तिला आत्ता कळलं.

पाऊण तासानं धाप थांबली, आणि श्वासही.

रामकिसन भिंतीशी उकिडवा बसला. "सिस्टर, एकच बाटली लावली मी. कमी पडली का?"

खांदा ठणकत होता. संताप तर डोक्यात मावत नव्हता. एका वाक्यात या माणसाला जन्माचं आडवं करता आलं असतं, आणि ते वाक्य खरं होतं.

"उशीर झाल्ता, दादा," प्रेमला म्हणाली.

केसपेपरवर मात्र तिनं राजूरच्या सलाईनची नोंद जशीच्या तशी केली. आकांक्षा अजून गोधडी आवळून पोरीला ऊब देत होती. पोरीला घ्यायला प्रेमला लगेच पुढं झाली नाही.