शेवटच्या पानावरचा मुरंबा

“अबूना, तुमचं पुस्तक कुनी पार शेवटापत्तुर वाचलंय का?”

नझिरानं विचारलं आणि चर्चच्या भिंतीआड दडलेल्या मैत्रिणींनी तोंडावर हात दाबले. हे विचारायची पैज त्यांनीच लावली होती.

इस्तफान पाद्री, म्हणजे अख्ख्या गावाचे अबूना, अंजिराला आळं करत होते. त्यांनी कुदळ टेकली, दाढीतली लाल माती झटकली. गावचे झरे, घराणी, बांधाची भांडणं, सगळं त्या जाडजूड पुस्तकात त्यांनीच लिहिलेलं. घरोघरी एक प्रत, आणि जो तो वाहवा करणारा. नझिराचा बाप तनूस तर दोनदा वाचलं म्हणून सांगायचा. त्याच्या घरी ते पुस्तक ऑलिव्हच्या लोणच्यावर दाब म्हणून ठेवलेलं.

“न्हाई पोरी,” अबूना म्हणाले. “शेवटचं पान वाचलेला मानूस माझ्या दारात आल्याबिगर ऱ्हायचा न्हाई. अजून कुनी आलं न्हाई. औंदा ऑलिव्ह झोडंस्तवर वाट बघतो. मग लिवायला घेतलेल्या दुसऱ्या पुस्तकाचे कागद हिच्या भट्टीला.”

ही म्हणजे त्यांची बायको वर्दा; तिकडच्या चर्चात पाद्र्याला संसाराची मुभा होती. ती ओट्यावरनंच बोलली, की कागद जळतील झ्याक, पण मग रिकाम्या म्हाताऱ्याचं काय करू, तेवढं कुणीतरी सांगा.

मैत्रिणी हसत पांगल्या. नझिराच्या मात्र ते मनाला लागलं. तिनं घरी जाऊन लोणच्यावरचं पुस्तक उचललं आणि गच्ची गाठली. उकडलेला गहू वाळत होता, चिमण्या हाकायचं काम तिच्याकडंच. गरम वारा असा सुटलेला की पानं आपोआप उलटत होती. झऱ्यांच्या प्रकरणात तिला डुलक्या लागल्या आणि चिमण्यांची चंगळ झाली. पुढं तर शेळ्यांचीसुद्धा कुळी लिहिलेली. मग एकदम तिचा आजा फारिस भेटला. आपला बाप पांढऱ्या घोड्यावरनं लग्नाला गेला, असं तनूस गावभर सांगायचा. पुस्तकात गिरणीचं खेचर होतं. ते सवयीनं आधी गिरणीत शिरलं आणि नवरदेव पिठात माखूनच चर्चात पोचला. नझिरा एकटीच गव्हावर लोळून हसली.

काही दिवसांनी शेवटचं पान आलं. तिथं लिहिलं होतं: ‘इथवर आलेल्या माणसानं माझं दार वाजवावं. अंजिराच्या मुरंब्याची बरणी त्याच्या नावानं ठेवली आहे.’

तिनं धावत जाऊन दार वाजवलं. वर्दा म्हणाली, दर साली नवी बरणी भरते, आणि वर्ष सरलं की आम्हीच दोघं तोंड पाडून खातो. अबूना पाठमोरे झाले. आत जाऊन चष्मा पुसत बसले. थोड्या वेळानं पेन्सिलीला टोक काढल्याचा आवाज आला.

रात्री भाकरीबरोबर मुरंबा बघून तनूसनं विचारलं, ह्यो कुणी दिला?

“अबूनांनी,” नझिरा म्हणाली. “आन बा, आये, मी ठरवलंय. उद्यापासनं रोज जेवताना त्यांचं पुस्तक मोठ्यानं वाचनार. शेजाऱ्यांनाबी बोलावलंय.”

“वाच की,” तनूस बोटं चाटत म्हणाला. “लई ग्वाड लिवलंय.”

“व्हय. आजाच्या लग्नाचं पान मात्र तू वाचायचं, बा. दोनदा वाचलंयस, तुला पाठच असंल.”