माझ्या अंगावरच्या रेघा

मी एक कागद. आरपार दिसणारा, तळहाताएवढा. पोटात काही ठेवता येत नाही, म्हणून सगळं सांगून टाकतो.

दवाखान्यात नव्या मलमाची चाचणी चालली होती. हट्टी जंतू जखमेवर बुळबुळीत साय धरतात नि तिच्याखाली खुशाल मुक्काम ठोकतात. औषध वरच्यावर वाहून जातं. ही साय मलमाने फुटते का, ते बघायचं होतं. सिस्टरने दर आठवड्याला जंतू तपासायला जखमेचा नमुना घ्यायचा, मग मला जखमेवर धरायचं आणि कडेकडेने रेघ ओढायची.

माझ्या वाट्याला शिवणकाम करणाऱ्या मावशींचा उजवा पाय आला, अंगठ्यावर न भरणारी जखम असलेला. त्यांचं मशीन पायाने चालायचं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "आठ आठवड्यांत जखम आटली नाही, तर अंगठा काढावा लागेल."

"मग मशीन काय नाकाने चालवू?" मावशी म्हणाल्या.

चौथ्या आठवड्याला, कापसाच्या काडीने घेतलेल्या नमुन्यात जंतू जवळजवळ सापडलेच नाहीत. डॉक्टर खूश. "लागू पडलं!"

मावशींनी मला उजेडात धरलं. जन्मभर कापडावर खडूने मापं आखलेली बाई ती. "कसलं लागू पडलं? चारही रेघा एकीवर एक बसल्यात. माप सूतभरही उतरलेलं नाही."

सिस्टर चपापली. "मावशी, घरी मलम लावता ना?"

"लावते की संध्याकाळी. सकाळी साबणाने चोळून धुते. गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कापडाला डाग पडला म्हणजे? आणि तुमच्यापुढे चिकट पाय आणू होय?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, मलम दिवसभर राहायला हवं! आणि आम्ही धुतलेल्या जखमेत जंतू शोधत बसलोय!" चारही नमुने बाद झाले.

मग मावशी मशीनखाली जुनी चादर अंथरू लागल्या आणि पाय आहे तसा आणू लागल्या. सिस्टर साय खरवडायची, मावशी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या, मग मलम. रेघा आत आत सरकल्या. आठव्या आठवड्याला जखम शर्टाच्या बटणाएवढी उरली. "अंगठा राहू द्या," डॉक्टर म्हणाले.

दहाव्याला सिस्टरने पेनाचं टोपण काढलं, मला पायावर टेकवलं, आणि टोपण पुन्हा लावून टाकलं.

आता मी फाइलीत असतो. एका पायावरून मलमाचा निकाल लागत नाही. बाकीच्यांच्या रेघा अजून मोजायच्यात. तुमच्यावर कधी वेळ आली, तर बाबांनो, जखम नटवून आणू नका.

माझ्या अंगावर नऊ रेघा आहेत. मला आवडते ती दहावी, न ओढलेली.