देवाची फुंकर

गुहेच्या तोंडाशी मुंगीला वाट नव्हती. जंगलातले पडके पिरॅमिड बघून, काट्यांनी ओरबाडून घेत आलेले परदेशी पाहुणे पुढे, आणि सगळं गाव त्यांच्यामागे. आत खड्ड्याकाठच्या उंच शिळेवर सेवेरो बलाम उभा होता. पूर्वी तो अशाच पाहुण्यांना अवशेष दाखवत हिंडायचा. आता देव दाखवत होता.

"मेणबत्तीचा हात खाली खड्ड्यात सोडा," तो घुमला. "पोटात पाप असलं, की पावसाचा देव फुंकर घालतो."

एका गोऱ्या बाईनं मेणबत्ती खड्ड्यात धरली. ज्योत वाकली, निळी झाली, विझली. बाई रडू लागली. सेवेरोनं शिळेवरच स्वतःची मेणबत्ती छातीशी धरली. ती जास्वंदीसारखी फुललेली राहिली. गावानं गुडघे टेकले.

गावची शिक्षिका लेओकादिया मात्र उभीच होती. शेजारी तिची धाकटी बहीण एउलालिया, आणि तिच्या कडेवर तिचा दमेकरी पोरगा नासारिओ. पोराच्या छातीत पाव्यासारखी शिट्टी वाजत होती. दमा जावा म्हणून आज त्याला खड्ड्याच्या तळाशी निजवायचं ठरलं होतं.

"दम्याचा पंप दे त्याला," लेओकादिया बहिणीला म्हणाली.

"पंप घेतला तर देव रुसतो, असं सेवेरोबाबा म्हणाले, ताई. शेजारच्या रेमिखिओला इथं निजवलं तेव्हा बघितलंस ना, कसा क्षणात शांत झाला."

"बेशुद्ध झाला होता तो. वर काढल्यावर दिवसभर ओकत होता."

तरीही एउलालिया पुढे सरकली. तशी लेओकादिया तिच्या आणि खड्ड्याच्या मध्ये आली.

"बाई, शाळा बाहेर," सेवेरो हसला. "इथं देवाचा वर्ग भरलाय."

"मग मी मागच्या बाकावरून विचारते." ती विहिरी उपसणाऱ्या म्हाताऱ्या अनाक्लेतोकडे वळली. "काका, विहिरीत उतरण्याआधी काय करता?"

"दोरीनं मेणबत्ती सोडतो. तुझा आजाही तेच करायचा की."

"विझली तर?"

"तर उतरत नाही. मरायचंय का?"

"विहीर पापी असते म्हणून?"

मागं कुणीतरी खुदकन हसलं.

"विहीर कसली पापी, पोरी. तळाशी जड हवा साचते, तिच्यात..." अनाक्लेतो थांबला. कमरेच्या दोरीकडे त्याचा हात आपोआप गेला. सगळा उन्हाळा तो याच खड्ड्यासमोर टोपी काढून बसला होता, आणि इथं दोरीची आठवण एकदाही झाली नव्हती.

"विहीर माणसानं खणली," सेवेरो गरजला. "हा खड्डा देवानं."

"तुमची मेणबत्ती द्या."

त्यानं हात मागे घेतला. अनाक्लेतोनं ती त्याच्या मुठीतून सोडवली, दोरीला बांधली आणि खाली सोडली. हातभर गेली नाही तोच विझली. मग शिळेजवळच्या वेदीवरची मंतरलेली मेणबत्ती सोडली. तीही विझली.

"अगं बाई," लेओकादिया म्हणाली, "सेवेरोबाबांच्याही पोटात पाप निघालं. देवाच्या मेणबत्तीच्याही."

आता गावाचं हसू लपलं नाही.

"उतरा, सेवेरोबाबा. पोराच्या आधी तुम्ही निजा. मी काठावर बसून अंगाई म्हणते. ती संपेपर्यंत निजलात, तर भाचा मी स्वतः तुमच्या हाती देईन."

सेवेरोनं खड्ड्याकडे पाहिलं. मग पोटावर हात ठेवून म्हणाला, "आज माझा उपास आहे. उपाशी निजता येत नाही."

एउलालियानं पोराला शालीत गच्च लपेटलं आणि गर्दी फोडत उजेडाकडे धावली. बाहेर सेइबाच्या झाडाच्या सावलीत तिनं पंप त्याच्या तोंडाला लावला. हळूहळू शिट्टी बारीक झाली. नासारिओनं डोळे उघडून पहिल्यांदा काय मागितलं, तर मक्याची भाकरी.

लेओकादिया गुहेतच राहिली. "पाला कुजतो, मुळं श्वास सोडतात, आणि ती जड हवा खोलगट जागी पाण्यासारखी बसते," ती गावाला म्हणाली. "तिला पाप-पुण्य कळत नाही. पिरॅमिड बांधणाऱ्या आपल्या पूर्वजांनी आभाळातल्या ताऱ्यांचा हिशेब डोळे उघडे ठेवून मांडला. आपण ते का मिटायचे? देव मानायचा तर माना. पण लेकरू कुणाच्या हाती देण्याआधी विचारा, आणि तपासून बघा."

अनाक्लेतोनं टोपी डोक्यावर घातली. कमरेची दोरी सोडून त्यानं ती गुहेच्या तोंडाशी, सगळ्यांना दिसेल अशी टांगली आणि तिच्या टोकाला एक मेणबत्ती बांधून ठेवली.