हाताला गार लागणारी काच

कपडे धुण्याच्या त्या कारखान्यात बंबकाकांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सगळी हयात त्यांनी तिथला मोठा बंब पेटवण्यात घालवली होती. पाणी किती तापलंय, हे ते पत्र्याला नुसता हात लावून सांगत. तापमापकाच्या काट्याकडे बघण्यात त्यांना कमीपणा वाटे.

आज मात्र त्याच हाताने त्यांना धास्तावून सोडलं. त्यांच्या धाकट्या मुलीने आयुष्यातलं पहिलं स्वतंत्र काम म्हणून याच कारखान्याच्या गच्चीवर पाणी तापवायला सोलरच्या काचनळ्या बसवल्या होत्या. मालकीणबाईंनी बजावलं होतं, "दुपारी दवाखान्याच्या चादरी या पाण्यात स्वच्छ निघाल्या तर ठीक, नाहीतर संध्याकाळी तुझ्या काचा उतरवून ने." मुलीने बापाला एका शब्दाने काही विचारलं नव्हतं. त्याचा काकांना राग होता आणि अभिमान त्याहून जास्त.

न राहवून ते चोरून गच्चीवर गेले. ऊन नुसतं भाजून काढत होतं. त्यांनी एका नळीला हात लावला. गार. दुसरीला लावला, तीही गार. टोकाची तेवढी एक चांगली तापलेली होती. एवढ्या लवाजम्यात कामाची एकच निघावी! पोरीचं हसं होणार!

काका खाली आले आणि गुपचूप बंबात लाकडं भरू लागले. बंबाचं पाणी मशीनच्या नळात सोडलं की झालं, कोणाच्या बापाला कळणार होतं?

"बाबा, काय चाललंय?" मागे मुलगी उभी.

"तुझी लाज राखतोय. गार पडल्यात तुझ्या नळ्या. शेवटची तेवढी धड आहे."

मुलगी आधी बघतच राहिली, मग पोट धरून हसली. "अहो, तीच तर बिघडलीये! काचेच्या आत काच असते, बाबा. मधली हवा ओढून काढलेली. आतली काळी काच उन्हाने तापते, पण ती उष्णता बाहेर यायला मध्ये काहीच नाही. मग ती आतल्या पाण्यात जाते. बाहेरची काच तापली, म्हणजे मध्ये हवा शिरली आणि उष्णता गळायला लागली. मघाशीच बघितलं मी, तिच्या तळाचा चंदेरी मुलामा हवा लागून पांढरा पडलाय. बदलणार आहे."

"आणि माझा बंब बाहेरून तापतो, तो काय गळतो?" काका गुरगुरले.

"गळतोच की."

इतक्यात मालकीणबाई आल्या. "काका, तुम्ही म्हणाल ते खरं. तापलंय पाणी?"

काकांनी एकदा मुलीकडे पाहिलं. त्यांनी गच्चीवरून आलेला नळ सोडला. भसकन वाफ आली आणि बोटं पोळून त्यांनी हात झटकला. असा आनंदाने हात भाजून घेतलेला माणूस कारखान्याने पाहिला नव्हता.

"काचा राहू देत," बाई म्हणाल्या. मग जरा अडखळल्या. "पण आता बंबाचं काम उरलं नाही. तुम्ही काय करणार, काका?"

मुलीचा चेहरा उतरला. हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. काकांची छाती मात्र अभिमानाने भरून आली होती, तिथे दुसऱ्या कशाला जागाच नव्हती.

"हिच्या हाताखाली शिकेन," ते म्हणाले. "हिने ठेवून घेतलं तर."