डाव्या पारड्यातला पासंग

काटेवाल्यांच्या हाताखालून गेलेला तराजू खोटं बोलत नाही, असं सगळा बाजार म्हणायचा. वाणी, भाजीवाल्या, फार काय, सोनारसुद्धा आपापले काटे तपासायला त्यांच्याकडेच आणत. तराजू हातात आला की काटेवाले आधी एकच गोष्ट करत. तो रिकामा उचलत आणि मधली सुई स्थिर होईपर्यंत तोंडातून शब्द काढत नसत. "आधी रिकामा काटा बघायचा," हे त्यांनी आपल्या दहा वर्षांच्या मुलीला इतक्या वेळा सांगितलं होतं, की ती झोपेत बरळली असती तरी हेच बरळली असती. मुलगी एका जागी ठरायची नाही, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत.

आणि त्याच काटेवाल्यांनी त्या संध्याकाळी रिकामा काटा बघितला नाही.

झालं होतं असं. त्यांची बायको परिचारिका. तिचं हॉस्पिटल वर्षापूर्वी नदीपलीकडच्या नव्या उपनगरात हललं, तेव्हापासून ती जाताना दोन आणि येताना दोन बस बदलत होती. आता हॉस्पिटलने तिथेच कर्मचाऱ्यांसाठी घरं बांधली होती आणि तळमजल्यावरचं एक घर तिच्या नावाने निघालं होतं. हो की नाही, ते उद्या दुपारी बारापर्यंत कळवायचं. नाही कळवलं तर यादीतलं पुढचं नाव.

आठ दिवस घरात दुसरा विषय नव्हता. सकाळी जायचं ठरे, संध्याकाळी मोडे. मागच्या सुट्टीला तिघं घर पाहून आले होते. घर चांगलं होतं, त्यात वाद नव्हता. पण परत येताना काटेवाले कोपऱ्यावरच्या दुकानात काडेपेटी घ्यायला शिरले आणि सवयीने विचारून बसले, "तुमचा काटा कोण बघतं?" दुकानदाराने आकडे लुकलुकणाऱ्या यंत्राकडे बोट दाखवलं आणि तो हसला. "बघतंय कोण? बिघडला की टाकतो, नवा आणतो." त्या दिवसापासून ते वाक्य काटेवाल्यांच्या डोक्यातून जात नव्हतं. ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

"अहो," शेवटी त्या संध्याकाळी चहाचा कप खाली ठेवत बायको म्हणाली, "जगाची वजनं करता ना तुम्ही? मग हेही एकदा तोलून टाका. माझं डोकं भणभणायला लागलंय."

ती थट्टेने म्हणाली, पण काटेवाल्यांना ते पटलं. कपाटावर एक छोटा जुना तराजू होता. भिंगरी लहानपणी त्याच्याशी दुकान-दुकान खेळायची. तो त्यांनी खाली काढला. खालच्या दुकानातून मूठभर पितळी चकत्या आणल्या, स्क्रूखाली घालतात तसल्या, सगळ्या एका वजनाच्या. एका कारणाला एक चकती, असं ठरलं.

"डावं पारडं इथे राहण्याचं, उजवं तिकडे जाण्याचं!" भिंगरीने तराजू खिडकीच्या खिळ्याला अडकवलादेखील, आणि बाबा काही बोलायच्या आत पहिली चकती डावीकडे टण्‌कन टाकली. "इथे बाबांचं दुकान घराखालीच."

"तिकडे माझं हॉस्पिटल दहा मिनिटांवर," बायको म्हणाली.

"बारा," काटेवाले म्हणाले. "मी घड्याळ लावलं होतं."

"बरं, बारा. मग काय, चकतीचा तुकडा पाडू?"

"तिकडे मला वेगळी खोली," भिंगरी म्हणाली.

"खोली कसली? पलंग टाकलास तर दार उघडायचं नाही."

"पण दार आहे ना!"

चकती उजवीकडे पडली.

"खिडकीसमोर झाड आहे," बायको म्हणाली.

"त्या झाडावर पहाटे पाचला पक्षी किंचाळणार. टाक डावीकडे."

"आता पक्षीही तोट्यात? धन्य आहे!"

असं बराच वेळ चाललं. तिकडे पाणी दिवसभर, पण बाजार लांब. इकडे रस्त्यात दहा माणसं हाक मारतात, तिकडे रस्ता इतका रुंद की पलीकडच्याचं तोंड दिसत नाही. तिकडे शाळेला मैदान, पण इकडे भिंगरीची शाळा ओळखीची. मग काटेवाल्यांना एकदम हुकमाचं पान सापडल्यासारखं झालं.

"आणि तुझ्या गप्पा? रोज कामावरून आलीस की दुसऱ्या मजल्यावर बाईंच्या दाराशी अर्धा तास तुमची सभा भरते. खाली दुकानात ऐकू येतं मला. तिकडे कोणाशी बोलशील? डावीकडे एक!"

बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. भिंगरीला अपूर्णांक त्यांनीच गोडीने शिकवले होते. बायकोने उगाच कपाची कड पुसली. भिंगरीने आईकडे पाहिलं आणि चकती हळूच डावीकडे ठेवली.

डावं पारडं खाली गेलं.

"झालं," काटेवाले म्हणाले. "काट्याने सांगितलं."

"हं," बायको म्हणाली आणि कप गोळा करू लागली.

हा 'हं' काटेवाले ओळखत होते. तराजूवर विश्वास नसलेलं गिऱ्हाईक असंच 'हं' म्हणतं. अशा वेळी ते गिऱ्हाइकाशी वाद घालत नसत, पारडी बदलून दाखवत. डावीकडचा माल उजवीकडे, उजवीकडचा डावीकडे. काटा खरा असेल तर जड माल कुठेही ठेवा, जडच भरतो.

"थांब, बदलून दाखवतो."

"कशाला बाबा? आलं ना उत्तर!" भिंगरीने त्यांची बाही ओढली.

त्यांनी चकत्या बदलल्या. पुन्हा डावंच पारडं खाली गेलं, आणि आता त्यात जाण्याच्या चकत्या होत्या. काटेवाल्यांनी घाईघाईने मोजल्या. इकडे नऊ, तिकडे नऊ. सुई मधोमध हवी होती. त्यांनी डावं पारडं उलटं करून पाहिलं आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. पारड्याच्या पाठीला वाटाण्याएवढा शिशाचा गोळा चिकटलेला होता.

तो पासंग. तराजूचं एक पारडं हलकं पडत असेल, तर ते सारखं करायला त्याला असा गोळा लावतात. भिंगरी चार वर्षांची असताना या पारड्याची साखळी तुटली होती, म्हणून काटेवाल्यांनीच तो लावला होता. पुढे साखळी नवी आणली, आणि पासंग काढायचा राहिला. बाजारभरचे काटे खरे करणाऱ्या माणसाच्या घरात सहा वर्षं खोटा काटा!

"विसरलोच मी," ते पुटपुटले.

"मी नव्हते विसरले," भिंगरी म्हणाली.

"म्हणजे?"

"डावं जड आहे, मला माहीत होतं. दुकान-दुकान खेळताना आईला मी सगळं त्यातच तोलून द्यायचे."

"अगं लबाडे! तरीच माझी साखर कमी भरायची!" आई हसली. मग हसू आवरून म्हणाली, "पण आज कशाला गं असं केलंस?"

भिंगरीने पायाच्या अंगठ्याने फरशी उकरली. "बाबांना जायचं नाहीये. आणि ते खरं काय ते बोलतच नाहीत. नुसतं घड्याळ लावतात, पक्ष्यांना नावं ठेवतात. मग म्हटलं, काट्याला बोलू दे."

रागवावं की काय करावं, ते काटेवाल्यांना कळेना. लबाडी तर होतीच. पण ती करायला त्यांनीच तिला जागा ठेवली होती. शेवटी त्यांनी काडेपेटीची गोष्ट सांगून टाकली. "तिथे माझं काम कोणालाच नको आहे. तिथे मी म्हणजे तुझ्या घरात राहणारा माणूस. एवढंच."

"आठ दिवस हे पोटात ठेवलंत?" बायको म्हणाली. तिने एक चकती उचलली आणि स्वतःच्या हाताने राहण्याच्या ढिगात टाकली. "आणि ते आपलं घर. 'तुझं घर' पुन्हा म्हणू नका."

काटेवाल्यांनी पेचकसाने शिसं खरवडून काढलं. तराजू रिकामा उचलला. सुई थरथरली आणि बरोबर मध्ये थांबली. "तुझ्याकडेही असलं काही असेल तर आत्ताच सांग," ते बायकोला म्हणाले. "पुन्हा मोजायचंय."

बायको ओट्यापाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. "गप्पांची चकती चुकीच्या पारड्यात पडली आहे."

"कशी काय?"

"मी बाईंकडे गप्पा मारायला थांबत नाही हो. दिवसभर वॉर्डात उभी असते मी. दुसऱ्या मजल्यावर आले की गुडघे पुढे यायला तयार नसतात, आणि आपलं घर चौथ्यावर. बाई माझ्यासाठी स्टूल बाहेर ठेवतात. बसलं की काहीतरी बोलावं लागतं, म्हणून बोलते."

काटेवाल्यांना ते स्टूल आठवलं. त्याचा डुगडुगणारा पाय मागच्याच महिन्यात त्यांनी स्वतः ठोकून दिला होता. जिन्यात स्टूल कशाला, हे मात्र विचारायचं त्यांना सुचलं नव्हतं.

त्यांनी दोन्हीकडच्या चकत्या जागेवर ठेवल्या. राहण्याच्या दहा, जाण्याच्या नऊ. डावं पारडं झुकलं. मग त्यांनी गप्पांची चकती डावीकडून उचलली आणि उजवीकडे ठेवली. तराजू सावकाश फिरला आणि उजवं पारडं खाली आलं.

"एकच तर हलवली!" भिंगरी म्हणाली. "एवढ्याने कसं उलटं झालं?"

"इकडची एक कमी झाली आणि तिकडे एक वाढली. म्हणजे फरक कितीचा?"

"दोनचा."

"चुकीच्या पारड्यात पडलेली गोष्ट अशी दोनदा चुकते," काटेवाले म्हणाले. ते तराजूकडे बघत नव्हते. "जा, तो हॉस्पिटलचा कागद आण."

"अहो, पण दुकान?" बायको वळली.

"दुकान इथेच राहील. वर्षभर दोन बस तू केल्यास, आता मी करीन. माझे गुडघे शाबूत आहेत. आणि त्या हसणाऱ्या दुकानदाराला सांगून ठेवीन, काटा टाकायच्या आधी एकदा मला दाखव म्हणून. हसला तर हसू दे."

कागदावर सही झाली. बाईंना आधी सांगायला हवं, असं बायको म्हणाली आणि तिघं निघाली. भिंगरी तराजू घेऊन पुढे पळाली. एकच चकती हलवून दोनचा फरक पडतो, हे तिला बाईंना दाखवायचं होतं. पण दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिचे पाय रेंगाळले. बाई तिकडे नसणार, हे तिच्या आता लक्षात आलं असावं. कोणी त्याची चकती टाकली नव्हती.

वर बायको कठडा धरून, पाऊल आडवं टाकत, एकेक पायरी उतरत होती. काटेवाले एक पायरी पुढे, तिच्याकडे तोंड करून उतरू लागले.

"सावकाश. घाई नाही."

"आज कळलं होय!" ती म्हणाली, पण तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

दुसऱ्या मजल्यावर स्टूल नेहमीच्या जागी होतं. दार उघडून बाईंनी तिघांकडे पाहिलं, मग भिंगरीच्या चेहऱ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि काही न विचारता आतून आणखी एक स्टूल आणायला गेल्या.