पायऱ्या गाळल्याची शिक्षा

अप्पांच्या शोकसभेत लोक पोट धरधरून हसत होते आणि माझं डोकं तापत चाललं होतं.

माझे वडील जन्मभर गणित शिकवून निवृत्त झाले आणि परवा गेले. शाळेच्या सभागृहात टेबलावर त्यांचा फोटो, शेजारी त्यांची लाकडी पट्टी. जो उठेल तो मार खाल्ल्याचे किस्से सांगत होता. "सरांनी सोलून काढलं म्हणून इंजिनिअर झालो!" की टाळ्या.

उत्तर चुकलं तर अप्पा न चिडता पुन्हा समजावायचे. उत्तर बरोबर, पण मधल्या पायऱ्या गाळलेल्या, की पट्टीची कड बोटांवर. "आयतं उत्तर म्हणजे चोरी," म्हणायचे. घरीही तेच. त्याच पट्टीने दादाचं बोट मोडलं तेव्हा त्यांनीच त्याला खांद्यावर टाकून दवाखाना गाठला, ढसाढसा रडले, कितीतरी दिवस स्वतःच्या हाताने भरवलं. माया होती, खोटं कशाला बोलू? पण त्यांच्या चपलांचा आवाज आला की आम्ही चळाचळा कापायचो.

तेच वाकडं बोट दादाने आज सभेत उंच धरलं. "ही अप्पांची ठेव!" पुन्हा हशा.

तेवढ्यात एका जुन्या विद्यार्थ्याने दादाच्या मुलीला गाठलं. "सरांची नात ना तू? एक नळ टाकी तीन तासांत भरतो, दुसरा सहा तासांत. दोन्ही सोडले तर?"

"दोन तास," पोरगी फटकन म्हणाली.

"पायऱ्या?" दादाने विचारलं.

"असंच सुचलं, बाबा."

दादाचा चेहरा बदलला. सगळे बघत होते. त्याने टेबलावरची पट्टी उचलली. "हात पुढे कर." मी उठेपर्यंत कड बसलीसुद्धा. पोरीच्या बोटांतून रक्त आलं.

माझं भानच सुटलं. पट्टी हिसकावली आणि दादाला बडवत सुटले. खांद्यावर, कानशिलावर, तोंडावर. त्याचा ओठ फुटला तरी थांबले नाही. "लाज वाटत नाही? तुझं बोट विसरलास?" खरं सांगते, बरं वाटत होतं.

"हात अगदी सरांचा!" मागून कुणीतरी कौतुकाने म्हणालं.

पट्टी मोडली. उरलेला तुकडा मी उगारला, तर पोरगी दादाच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. रक्ताळलेला हात तिने आपण होऊन माझ्यापुढे धरला.

"आत्या, बाबांना मारू नकोस ना. मी लिहिते पायऱ्या."