दहा वाव दोर

मित्रांनो, मी पतंगाच्या दोऱ्याची एक जुनी चक्री आहे, आणि आधीच सांगते, मला हात लावलात तर हात धुवा. माझ्या काड्यांच्या सांदीत झुरळांनी अंडी घातली आहेत. अंगावर केळीच्या चिकाचे काळे डाग आहेत, ते तर आता माझ्याबरोबरच जळतील. शी! आपलीच आपल्याला किळस यावी, अशी वेळ आली माझ्यावर.

जन्मले तेव्हा मी अशी नव्हते हो. धुळ्याजवळच्या एका खेड्यात पितांबर सुतारानं बैलगाडीच्या कामातून उरलेली बाभूळ तासून मला घडवलं. दोन टोकांना मुठी, मध्ये सहा काड्या, कुठे कुसळ म्हणून लागायचं नाही. मला करून घेतलं झुलाल आबांनी. आबा पतंगाचे मोठे दर्दी. संक्रांतीला गावातली माणसं 'आबांची चक्री' म्हणून मला कौतुकानं हातात घेऊन बघायची.

आबांचं एक शास्त्र होतं. धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छपरावर चढले की आधी चिमूटभर भुसा हवेत सोडायचे आणि मग ठरवायचे, आज दोर किती. वारा मंद असला तर लांब, म्हणजे पतंग वरच्या वाऱ्याला लागतो. वारा भारी असला तर आखूड, कारण लांब दोराला झोळ पडतो. झोळ पडला की तुम्ही इकडे कितीही ओढा, पतंगाला तिकडे पत्ताच नसतो. दोर मोजायचा वावेनं, दोन्ही हात पसरून, विहिरीचा दोर मोजतात तसा. दर दहा वावांना एक गाठ. गाठी बोटांखालून गेल्या की आबा डोळे मिटून सांगायचे, किती दोर गेला ते.

पुढे डोळे मिटल्यासारखेच झाले त्यांचे. एक डोळा आधीच गेला होता. शहाऐंशीच्या दिवाळीनंतर डॉक्टरांनी दुसऱ्याचंही सांगून टाकलं, "काचबिंदू आहे बाबा. उन्हाळ्यापर्यंत दिसेल तेवढं बघून घ्या." आबा घरी आले, ओट्यावर बसले आणि मुलाला, धनसिंगला, म्हणाले, "माले बठ्ठं काही नको रे. एक डाव मना पतंग आभायमा दखना शे." एकदा आपला पतंग आभाळात बघायचा, एवढंच मागणं होतं म्हाताऱ्याचं.

सून कुंदाबाई हुशार. तिनं गल्लीत लांब लांब उभं राहून, हातात फडकं धरून पाहिलं. दहा वावांपर्यंत आबांना फडकं दिसायचं, पुढे नाही. तिनं धनसिंगला बजावलं, "दहाच वाव सोडा हां." धनसिंग हो म्हणाला. त्याच्या हो म्हणण्याचा मला आजही संताप येतो.

कारण त्याचं सगळं चित्त समोरच्या धाब्यावरच्या बन्सीलालकडे. गेल्या संक्रांतीला बन्सीलालनं त्याचे चार पतंग कापले होते, ते त्याला वर्षभर पचलं नव्हतं. त्यात सावद्याहून त्याचा मेहुणा शालिग्राम आला, केळीच्या चिकानं भरलेला डबा घेऊन. म्हणे, "हा चीक कपड्यावर पडला तर जन्मात निघत नाही. मग मांज्याची काच धरून ठेवणार नाही होय?" अरे, काय हे डोकं! काचेची पूड, शिळ्या भाताची खळ आणि वर तो चीक. असला घाण वास सुटला की गोठ्यातली गाय तोंड फिरवून उभी राहिली. आणि ती सगळी राड नीट वाळूही न देता माझ्या अंगावर गुंडाळली. ओकारी येणं मला जमत असतं, तर तिथंच ओकले असते.

आबांनी दोरावर बोट फिरवलं. "गाठी कोठे शेतस रे?" त्यांनी विचारलं. गाठी चिकाखाली गडप झाल्या होत्या.

संक्रांतीला वारा भारी होता. आबा मला दोन्ही हातांत धरून बसले, मान वर, तोंडावर लहान मुलासारखा आनंद. "दहाच वाव सोड," ते म्हणाले. धनसिंगनं शंभर सोडल्या. चिकटलेला दोर माझ्या अंगावरून गचके खात निघाला. त्याला हा एवढा झोळ पडला, आणि मागे ओढायला जावं तर तो बोटांना चिकटे. बन्सीलालच्या पतंगानं एकदा खाली गोता मारला. कापला! धनसिंगचा पतंग शेतांकडे वाहत गेला.

"माले दिखत नही रे," आबा म्हणाले. "वर शे का?"

"वरच शे, आबा!" धनसिंग बोलला. "मस्त डुली राहिना."

शालिग्राम तोंडावर हात ठेवून हसला. मग दोघं शिडीनं उतरून तिळगूळ खायला गेले. थू! काच, चीक, झुरळं, सगळं सोसलं मी, पण त्या हसण्याइतकी घाण दुसरी कशाची वाटली नाही.

अहो, दोराला ताण नव्हता. मला कळत होतं, तर चाळीस वर्षं चक्री धरलेल्या हातांना कळत नसेल? आबा तरी तोंड वर करून बसूनच राहिले, मुलाचा खोटेपणा उघडा पडू नये म्हणून.

कुंदाबाई तिळगुळाचं ताट घेऊन वर आली. लोंबणारा दोर तिनं पाहिला, आबांचं तोंड पाहिलं. खाली वाकून ती नवऱ्यावर ओरडली, "लाज वाटत नही का तुमले?" मग विळ्यानं तिनं तो चिकट दोर माझ्या अंगावरून खरवडला. गोधडी शिवायचा जाड दोरा आणला, दहा वाव मोजला. तिचे हात आबांपेक्षा आखूड, म्हणून आबांच्या नऊच भरल्या असतील. बरंच झालं. एक फाटका पतंग भाताच्या शितांनी चिकटवला. भारी वाऱ्यात तो गरगर फिरू नये म्हणून शेपटी हवी होती. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि टर्रकन काहीतरी फाडलं. आबांना काहीच सांगितलं नाही.

तिनं वाऱ्यावर सोडला तसा पतंग चढला. दोर ताठ झाला आणि माझ्या मुठी आबांच्या हातांत थरथरल्या. आबांनी मान तिरकी केली, डोळा बारीक केला. धनसिंग शिडीवर अर्धा वर येऊन थांबला होता.

"हिरवी शेपटी शे," आबा हळूच म्हणाले. मग एकदम, "अवं कुंदा, हाई ते तुना लुगडाना काठ शे! फाडा का तू?"

"हां आबा," ती म्हणाली, आणि रडायला लागली. धनसिंग मान खाली घालून तिथंच उभा होता.

उन्हाळ्यात आबांची नजर गेली. मी माळ्यावर आले. मित्रांनो, दोर किती सोडायचा ते वाऱ्याला विचाराच, पण शेजारी बसलेल्या माणसालाही विचारा. आणि कधी मला झाडायला काढलंत, तर झुरळं मारा, डाग घासा. माझ्या अंगावर गोधडीचा दहा वाव दोरा अजून आहे, तेवढा मात्र तोडू नका.